घट्ट पाणी

द्रवाला स्वतःचा आकार नसतो, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. पेठेतल्या एका मराठी शाळेत तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं आणि दरवर्षी हा धडा यायचाच. स्थायू, द्रव, वायू. घरून पेला, तांब्या आणि परात घेऊन जायची. तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची आणि विचारायची, "सांगा, काय बदललं?" मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं, "बाई, टेबल ओलं झालं." पुण्यातली कार्टी ती. सरळ उत्तर दिलं तर कमीपणा येतो.

घरीही काही वेगळं नव्हतं. आमचे हे मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत्याकडे नोकरीला होते. ढेपेला नख लावायचं, कपची तोडून जिभेवर ठेवायची आणि माल कसा आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी कर्वेनगरला घरी यायचे तेव्हा जिन्यातून आधी गुळाचा वास यायचा, मागून हे. वायूचा धडा घेताना मी वर्गाच्या कोपऱ्यात उदबत्ती लावायची आणि वास पोचेल तसे हात वर करायला सांगायची. घरी ह्यांचा वास आला की हातातलं टाकून चहाचं आधण ठेवायची.

लग्नाला महिनाही झाला नसेल. मी वह्या तपासत बसले होते. हे शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "काय हो बाई, आमचा गूळ तुमच्या कुठल्या खान्यात?"

"स्थायू," मी म्हटलं.

"श्रावणात या एकदा गोदामात. ढेपा पाझरतात. फरशीवर पाय चिकटतो."

"हवेतलं बाष्प शोषून घेतो तो. म्हणून पाझरतो."

"म्हणजे दिवस बघून वागतो. तुमच्या पुस्तकापेक्षा शहाणा आहे."

तेव्हापासून घरात माझं नाव 'बाई' पडलं ते पडलंच. आणि तो वाद चाळीस वर्षं चालला. तूप कुठल्या खान्यात? थंडीत एका, उन्हाळ्यात दुसऱ्या. मग दही? मग मेण? पुस्तकात खाने तीन आणि दुनियेत वस्तू सतराशे साठ, असं ह्यांचं म्हणणं. मी चिडायची, पाठ्यपुस्तक आणून नाकासमोर धरायची आणि हे मिशीत हसायचे. मला ते भांडण किती आवडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

गेल्या दिवाळीनंतर आठवड्याभरात एका सकाळी ह्यांच्या हातून चहाचा कप पडला. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "लक्ष कुठे आहे? आता पुसा तुम्हीच!" उत्तर आलं नाही. आमच्या घरात टोमण्याला उत्तर येत नाही म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, हे मला बाहेर येण्याआधीच कळलं. डावी बाजू लुळी पडली होती, तोंड वाकडं झालं होतं आणि चहा सगळा सदऱ्यावर.

दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आणलं. जीव वाचला, पण गिळणं बिघडलं होतं. ते शिकवायला एक मुलगी घरी यायची. चोवीस-पंचवीस वर्षांची, चुणचुणीत, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलणारी. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काकू, काकांना थिन लिक्विड्स टोटली बंद. पाणी, चहा, ताक, आमटी, काहीच नाही."

"अगं, माणूस पाण्याशिवाय जगेल कसा?"

"पाणी द्यायचंय, पण घट्ट करून."

मला वाटलं, माझी थट्टा करतेय. मग तिने कागदावर घसा काढून दाखवला. अन्ननलिका इकडे, श्वासनलिका तिकडे, मध्ये एक झडप. ह्यांची झडप आता उशिरा मिटते. पातळ पदार्थ तेवढा थांबत नाही, सरळ फुप्फुसात उतरतो. घट्ट असला की सावकाश सरकतो, झडपेला वेळ मिळतो. "आणि मेन प्रॉब्लेम काय आहे काकू, त्यांना ठसकाही लागत नाही. तुम्हाला वाटेल, छान प्यायले. आत काय झालं ते चार दिवसांनी तापच सांगणार."

तिने एक पावडरचा डबा दिला. पेलाभर पाण्यात तीन चमचे घालायचे, ढवळायचं, दोन मिनिटं थांबायचं. किती घट्ट? तर म्हणे मधाइतकं.

"म्हणजे एकतारी पाक," मी म्हटलं.

"एक काय?"

कप्पाळ! तिला बोटांमध्ये पाकाची तार कशी बघतात ते मी दाखवलं. ती हसली, मला म्हणाली, "काकू, यू आर बेस्ट." जाताना तिने बंद असलेल्या पदार्थांची यादी मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवली. शेवटच्या ओळीत बर्फ, कुल्फी, आइस्क्रीम. तिने कारण सांगायच्या आत मीच बोलून गेले, "तोंडात सदतीस अंश तापमान. बर्फाचं पाणीच होणार." म्हणजे मला माहीत होतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मग आमच्या घरात घट्ट पाण्याचं राज्य सुरू झालं. चहा घट्ट, ताक घट्ट, औषधाबरोबरचं पाणी घट्ट. पेला वाकडा केला तरी पाणी जागचं हलेना. चमचा तिरका केला की एक जाड गोळा हळूहळू खाली यायचा. तीस वर्षं मुलांना शिकवलं की पाणी वाहतं, तो त्याचा गुणधर्म आहे. आणि आता रोज सकाळी उठून मी पाण्याचा तो गुणधर्म काढून घेत होते.

ह्यांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की विचारता सोय नाही. जीभ जड झाली होती, शब्द तुटत यायचे, पण स्वभाव जाग्यावर होता.

"खळ आहे ही," म्हणाले. "शर्टाला लाव."

मी हसले. हसताना रडूही आलं, ते पदराने पुसलं.

ह्यांना पाणी प्यायची भारी हौस. बिनवासाच्या, बिनरंगाच्या, फुकटच्या वस्तूची हौस कोणाला असते? पण ह्यांना होती. यार्डातून आले की चपला काढायच्या आधी माठाकडे. त्यांचा एक उभट स्टीलचा पेला होता, काठाशी पोचा आलेला. तो बुडवायचा, मान मागे टाकायची आणि घटाघटा, वरून. गळ्यातली घाटी वरखाली होताना दिसायची. दर उन्हाळ्यात माठ स्वतः निवडून आणायचे, बोटाने वाजवून, गुळासारखीच पारख करून. त्यात वाळ्याची जुडी टाकायचे. माठातलं पाणी गार का होतं, हे मी त्यांना दरवर्षी समजावून सांगायची. "बाष्पीभवन" म्हटलं की हे दुसरा पेला बुडवायचे.

या वर्षी मी माठ आणला नाही. नजरेसमोर नको, म्हटलं. ह्यांनी रिकाम्या तिवईकडे पाहिलं. मला वाटलं होतं, एखादा टोमणा तरी मारतील.

आमची मुलगी धायरीला राहते. रोज सकाळी कामावर जाण्याआधी गाडीवर यायची, मी आणि ती मिळून ह्यांचं अंग पुसायचो, कपडे बदलायचो. मग ती स्वयंपाकघरात जाऊन दुपारची आवराआवर करून द्यायची आणि पळायची. तिला वडिलांसमोर पाणी पिता यायचं नाही. गॅलरीत जाऊन प्यायची. मीही तेच करायला लागले. स्वतःच्या घरात चोरून पाणी प्यायचे दिवस आले होते.

देव्हाऱ्यात एक गंगेचा गडू होता, तांब्याचा, झाळून बंद केलेला. ह्यांच्या मोठ्या बहिणीने, आमच्या मोठ्या वन्संनी, काशीहून आणलेला. बरीच वर्षं तसाच होता. ह्यांचा पलंग आता बाहेरच्या खोलीत होता, तिथून देव्हारा समोर दिसायचा. एकदा मी चमच्याने ती खळ भरवत होते, तर उजव्या हाताचं बोट गडूकडे करून म्हणाले, "ते... मिळणार मला. पातळ." थोडं थांबले. "तेव्हा तहान नसेल."

"काहीतरी अभद्र बोलू नका," मी ओरडले. ओरडले कारण ते खरं होतं.

मार्च संपता संपता उन्हाचा कडाका सुरू झाला आणि ह्यांनी तोंड मिटलं. चमचा पुढे केला की मान भिंतीकडे. आमरस घ्यायचे दोन चमचे, तो मुळातच घट्ट असतो म्हणून मी हापूस लवकर आणला होता. पण पाणी नाही. गोंजारून झालं, रागावून झालं, मुलीच्या शपथा घालून झाल्या. पालथ्या घड्यावर पाणी. ओठ फुटले, जीभ कोरडी पडली. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, उद्यापर्यंत असंच राहिलं तर सलाइन लावायला न्यावं लागेल." ह्यांना दवाखान्याचं नाव काढलेलं खपायचं नाही. मी हात टेकले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा पेला घेऊन बसले. दोन वाजले असतील. बाहेर नुसता जाळ. ह्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"बाई," म्हणाले. "प्रश्न."

कितीतरी दिवसांनी 'बाई' ऐकलं. मी पेला खाली ठेवला. "विचारा."

"बर्फ. कुठल्या... खान्यात?"

ह्यांचा अर्धा ओठ वर गेला होता. तो चालणारा अर्धा.

"स्थायू," मी म्हटलं.

"मग बंदी... द्रवाला ना?"

चाळीस वर्षं ज्या माणसाने माझे तीन खाने कधी मानले नाहीत, तो आज त्यांचाच आधार घेत होता. वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला उभं केलं असतं आणि विचारलं असतं, द्रवणांक किती, तोंडाचं तापमान किती, सांग पुढे काय होईल? मला सगळं पुढचं माहीत होतं. यादी फ्रीजवर होती. मी तीच यादी असलेलं दार उघडलं, ट्रेमधून एक खडा काढला, फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडला आणि त्यातली एक बारीक कपची ह्यांच्या जिभेवर ठेवली.

ह्यांनी डोळे मिटले. गाल आत गेला. घाटी वर आली, थांबली, खाली गेली. मी श्वास धरून बघत होते. ठसका लागला नाही. दुसरी कपची. तिसरी. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. असा सगळा खडा मी त्यांना दिला. त्यानंतर ह्यांनी मुकाट्याने अर्धा पेला घट्ट पाणीही घेतलं. मी मुलीला फोन करून सांगितलं, "घेतलं गं बाई पाणी! सलाइन नको." बर्फाचं सांगितलं नाही.

मग ते आमचं ठरूनच गेलं. दुपारी दोन वाजता एक खडा. तो दिला की हे बाकीचं सगळं घ्यायचे. पाच-सहा दिवस असं चाललं. ते दिवस आमचे फार चांगले गेले, खोटं का बोलू. एकदा तर म्हणाले, "गुणधर्म सांग... बर्फाचे." मी सांगितले. कठीण, थंड, पारदर्शक, पाण्यावर तरंगतो. "आणि गोड," हे म्हणाले. मी म्हटलं, चूक, बर्फाला चव नसते. "गोड," पुन्हा म्हणाले. मी हा वाद सोडून दिला. ट्रे मात्र कधी रिकामा दिसला नाही. मला वाटायचं, मीच भरते आणि विसरते. वय झालं.

सातव्या दिवशी अंग गरम लागलं. छातीत घरघर सुरू झाली होती. दवाखान्यात फोटो काढला, उजवं फुप्फुस खाली पांढरं झालं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, "आजी, काही पातळ दिलं होतं का तोंडाने?"

मी म्हटलं, "नाही."

इतकी निर्लज्ज मी कशी झाले, मला माहीत नाही. शिक्षिका म्हणून आयुष्यभर मुलांना खोटं बोललात तर याद राखा म्हणणारी मी. पातळ दिलं नव्हतं, बर्फ दिला होता. ह्यांचीच पळवाट मी वापरली. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

दोन दिवसांनी ह्यांची शुद्ध हरपली, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर मुलीला सगळं सांगितलं. बर्फाचं, दुपारचं, डॉक्टरांशी खोटं बोलल्याचं. म्हटलं, "मी मारलं गं तुझ्या बाबांना. माझ्या हाताने." मला वाटलं, आता उठून जाईल. गेली असती तरी मी काही म्हटलं नसतं.

"आई," ती म्हणाली, "ट्रे मी भरत होते."

"काय?"

"दुसऱ्याच दिवशी सकाळी एक खाना रिकामा दिसला. बत्ता फडक्यातच पडला होता. बाबांचे ओठ बरे दिसत होते. मला कळलं." तिने नाक पुसलं. "थांबवायला हवं होतं. मी भरून ठेवला. रोज."

आम्ही दोघी तिथे बसून रडलो. नंतर तिने जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, अशा रुग्णांना आपली लाळसुद्धा उतरून न्यूमोनिया होतो, कारण एकच असं सांगता येत नाही. भला माणूस. पण मी विज्ञानाची शिक्षिका आहे, मला कारण आणि परिणाम कळतात. अजूनही दुपारी दोन वाजले की माझा हात फ्रीजकडे जातो आणि मी तो मागे घेते.

हे गेले ते सकाळी. दहाच्या सुमारास घरी आणलं. बाहेरच्या खोलीत चटईवर निजवलं. माणसं जमली, यार्डातले जुने हमाल आले, एकाने कागदात गुंडाळून गुळाचा खडा आणला होता, तो उशाशी ठेवला. मला रडू येत नव्हतं. मी नुसती ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ पुन्हा फुटले होते.

मोठ्या वन्संनी देव्हाऱ्यातला गडू आणायला सांगितला. झाळलेलं झाकण निघेना, कोणीतरी पक्कड आणून उचकटलं. पाणी वाटीत ओतलं. स्वच्छ होतं. इतकी वर्षं कोंडून ठेवलं होतं, तरी गडू कलंडल्याबरोबर ते खळखळ वाहिलं. वन्संनी वाटीत तुळशीचं पान टाकलं आणि म्हणाल्या, "एकेक जण पुढे या. तोंडात पाणी घाला."

त्यांनीच पहिला चमचा घातला. पाणी ओठांवर क्षणभर थांबलं आणि कोपऱ्यातून गळ्याकडे ओघळलं. साडेचार महिने मी नेमका तो ओघळ टिपत आले होते. दिवसातून चाळीस वेळा. वन्संनी दुसरा चमचा भरला.

"थांबा!" मी किंचाळले. "पातळ आहे ते!"

मी उठून स्वयंपाकघरात धावले. पावडरचा डबा ओट्यावरच होता. झाकण उघडलं, एक चमचा भरला, दुसरा भरला, पावडर ओट्यावर सांडत होती. दोन मिनिटं थांबावं लागतं, लोकांना सांगा दोन मिनिटं थांबा, असं मी मोठ्याने बोलत होते म्हणे. मला आठवत नाही.

मुलगी मागून आली. तिने माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

"आई," ती म्हणाली, "आता चालतं."

मांडणीवर ह्यांचा पेला होता, काठाशी पोचा आलेला. मी तो नळाखाली धरून काठोकाठ भरला, बाहेर गेले, वन्संना बाजूला व्हा म्हटलं आणि ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन तोंडाला लावला. सगळं सांडलं. चटई भिजली, माझं लुगडं भिजलं. मी उठले आणि पेला पुन्हा भरून आणला.